एका माळाची फेरमोजणी

सणसरच्या पुढच्या त्या माळावर मी पहिलं पाऊल ठेवलं, त्याच्या तीन वर्षं आधीच मी त्याची किंमत ठरवून टाकली होती. पुण्यातल्या कचेरीत, पंख्याखाली बसून. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तिथे गेल्यावर मला जे ऐकून घ्यावं लागलं ते का, हे वाचणाऱ्याला कळेल.

माझं काम जंगलं, तळी, नद्या यांचं मोल काढण्याचं. हे मोल बाजारात ठरत नाही, म्हणून आम्ही लोकांना विचारतो: हे जंगल टिकावं म्हणून तुम्ही दर वर्षी पदरचं काय द्याल? मी चिपळूणची. आमच्याकडच्या एका जंगलाभोवतीच्या गावांत मी दोन वर्षं हिंडून असा अभ्यास केला होता, आणि तो चांगला झाला होता. पण प्रत्येक जागी दोन वर्षं हिंडायला कुणाला वेळ नसतो. मग एका जागचा आकडा उचलायचा, झाडांची दाटी, पाऊस, लोकांचं उत्पन्न बघून कमी-जास्त करायचा आणि दुसऱ्या जागेला लावायचा, अशी रीत आहे. तसा मी कोकणातला आकडा इंदापूर तालुक्यातल्या माळांना लावला. माळावर झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे ते यादीत तळाला गेले. अहवालाच्या शेवटी मी एक वाक्यही लिहिलं: झाडे लावल्यास या जागांचे मूल्य वाढू शकेल.

त्या वाक्याच्या आधारावर एक योजना उभी राहिली आणि माळावर खड्डे खोदायला सुरुवात झाली. मग एका सकाळी मला फोन आला. पलीकडे सुमनताई होत्या. बारामतीच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या, माळाला लागून असलेल्या वाडीत आता कायमच्या राहायला आलेल्या. ग्रामपंचायतीत आलेला माझा अहवाल त्यांनी घरी नेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता.

“गणित तपासलं,” त्या म्हणाल्या. “एकही चूक नाही. पण बाई, तुम्ही दुसऱ्याच प्रश्नपत्रिकेचं उत्तर लिहिलंय.”

रोपं लावायला मंजुरी द्यायची ग्रामसभा आठ दिवसांवर होती. मी दुसऱ्या दिवशी निघाले.

बारामती ते वाडी

भाद्रपद संपत आला होता. बारामतीच्या स्टँडवर सुमनताई स्वतः न्यायला आल्या होत्या, पांढरी सुती साडी, खांद्याला शबनम, आणि त्यांची जुनी स्कूटर. माझी बॅग पायाशी ठेवून त्यांनी मला मागे बसवलं आणि सणसरची वाट धरली.

कोकणातल्या माणसाला इथली सपाटी आधी अंगावर येते. आमच्याकडे नजर कुठे तरी डोंगराला अडतेच. इथे ती अडते ती उसाला. कालव्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस, मध्येच बाजरीचं काढणीला आलेलं रान, आणि कणसांवर तुटून पडणाऱ्या भोरड्यांचे थवे. मग फाट्यावरून आत वळलो, कालव्याची हद्द संपली आणि ऊस एकदम थांबला. समोर नुसतं गवत. हिरवट, तांबूस, वाऱ्याबरोबर एका अंगाला झुकणारं, थेट आभाळापर्यंत गेलेलं. आणि त्या गवतात, ओळीनं, माणूस मावेल एवढे खड्डे.

सुमनताईंनी स्कूटर थांबवली. मी उतरून पहिल्या खड्ड्याच्या काठाशी गेले.

घरी त्यांनी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. माडगं मी पहिल्यांदाच खात होते. आमच्याकडे भाताच्या पेजेवर दिवस सुरू होतो, तर इथे हे दाट, उष्ण, लसणाचा वास येणारं प्रकरण. दोन वाट्या घेतल्यावर मला जेवण संपल्यासारखं वाटलं, तेव्हा कळलं की ती नुसती सुरुवात होती. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर होती, खाली पुस्तकांची दोन कपाटं. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन्नच्या धर्मांतरानंतर मुलांना आधी शाळेत घातलं आणि मग जमीन घेतली, असं त्यांनी सांगितलं. मुख्याध्यापकी त्यांच्या आवाजातून अजून गेलेली नव्हती. मला त्यांनी सहा वाजता उठायला सांगितलं आणि मी उठले.

पहिला दिवस वाया

मी माझे छापील प्रश्न घेऊन घरोघर गेले. हा माळ असाच राहावा म्हणून तुम्ही वर्षाला किती पैसे द्याल? कोकणात या प्रश्नावर लोक विचार करत, आपापसांत बोलत, एक आकडा सांगत. इथे लोक माझ्याकडे नुसते बघत राहिले. काहींनी चहा दिला. एका बाईंनी विचारलं, माळ काय विकायला काढलाय का. बहुतेकांनी शून्य सांगितलं.

वाडीतले जुने मेंढपाळ धोंडीबातात्या. सत्तरी ओलांडलेले, पण पाठ ताठ. ते दारात घोंगडं टाकून बसले होते. त्यांनी माझा प्रश्न नीट ऐकून घेतला.

“पैसं कुणाला द्यायचं?” ते म्हणाले. “माळानं कदी मागितलं न्हाय. तुमी मागताय.”

आमच्या रीतीप्रमाणे शून्य म्हणजे शून्य. म्हणजे माझा जुना आकडा, जो आधीच तळाला होता, तोसुद्धा या लोकांच्या उत्तरांपुढे जास्तच ठरत होता. ग्रामसभेत हे कागद ठेवले असते तर उरलेले खड्डे दुसऱ्याच दिवशी खोदले गेले असते. संध्याकाळी ओट्यावर कागद ठेवून मी हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात तात्यांच्या एका बकरीनं त्यातले निम्मे खाल्ले. तात्या ओशाळले. सुमनताईंनी उरलेले कागद चाळले आणि बकरीला मार्क द्यायला हवेत म्हणाल्या.

मला मात्र हसू आलं नाही. लोकांना माळ हवा होता हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि माझ्या कागदावर ते उतरत नव्हतं. एवढ्या वर्षांच्या कामात इतकी अडाणी मी स्वतःला कधी वाटले नव्हते.

मेंढरांमागे

दुसऱ्या दिवशी कागद घरीच ठेवून मी तात्यांच्या मागे निघाले. ते दीडशेक मेंढरं आणि दोन कुत्री घेऊन पुढे, मी मागे, पायात कॅनव्हासचे बूट आणि लोकरी मोजे. तासाभरात मोज्यांत इतकी कुसळं घुसली की मला पाऊल टाकवेना. तात्यांनी मला दगडावर बसवलं, मोजे काढायला लावले आणि सांगितलं की गवताला लोकर दिसली की ते धरणारच, मेंढरावर बसून बी लांब न्यायची त्याची ती सवय आहे. मग मी मोजे न घालता पिशवीतली चप्पल घालून चालले आणि काही झालं नाही.

चालता चालता ते माळ दाखवत गेले. हे पवन्या गवत, हे मारवेल, हे जनावर खातं, हे खात नाही. झाडं लावली की कुंपण पडणार आणि सावलीत हे गवत मरणार, असंही ते म्हणाले. इथे लांडग्याची जोडी असते, वर्षाला दोन-चार कोकरं नेते. त्याचा राग येत नाही का, असं मी विचारलं. तेही माळावरचंच, तात्या म्हणाले, त्याचा हिस्सा त्याला जातो. मग त्यांनी मला उताराच्या कडेला नेलं. खाली, माळ आणि कालवा यांच्या मधल्या पट्ट्यात, शेतांत विहिरी दिसत होत्या. पाऊस गवतात मुरतो आणि तिथे उतरतो. ज्या साली माळ जळतो, त्या साली विहिरी लवकर तळ गाठतात. हे त्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं. मी त्यांना प्रश्नच विचारला नव्हता, कारण ते माळाला लागून राहत नव्हते.

दुपारी बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत आम्ही भाकरी सोडली. ओल्या शेंगा भाजून खाल्ल्या. तात्यांनी माझं गाव विचारलं. चिपळूणजवळचं, म्हणून मी गावाचं नाव सांगितल्यावर ते माझ्याकडे वळून बसले. दिवाळी झाली की सगळा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तांडा, मेंढरं घेऊन घाट उतरतो, कोकणात जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो, हे त्यांनी सांगितलं. आमच्या गावची नदी, नदीकाठचं देऊळ, त्यामागची भाताची खाचरं, सगळं त्यांनी मला वर्णन करून सांगितलं.

मला ती खाचरं पाठ होती. लहानपणी भात कापून झाला की माझे वडील धनगरांची वाट बघत. मेंढरं चार रात्री शेतात बसली की खताची सोय होई. त्याबदल्यात आई भात मापून देई. मेंढरं येतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. कुठून येतात, काय खाऊन इतकी धष्टपुष्ट होतात, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

मी तात्यांना हे सांगितलं. त्यांनी सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

“मंग तुमचं रान बी ह्याच माळानं पिकवलंय की, ताई,” ते म्हणाले.

मी कोकणात दोन वर्षं अभ्यास केला होता आणि हा माळ माझ्या घरच्या शेतात दर साली येऊन बसत होता. तो मी कुठेच मोजला नव्हता. मला एकदम भरून आलं. तात्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे बघत बसले.

परतताना मी त्यांना कालचाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारला. माळ राखायला, आगीपासून जपायला, बांध घालायला वर्षातले किती दिवस काम कराल?

“दिस व्हय? धा दिस देऊ,” तात्या म्हणाले. “पोरगं बी देईल. दिस मागा की.”

तीन चिठ्ठ्या

पुढचे दोन दिवस मी आणि सुमनताई पुन्हा घरोघर हिंडलो. या वेळी पैसे नाही, दिवस विचारले. आणि खालच्या विहिरीवाल्यांनाही विचारलं. कुणी दहा दिवस सांगितले, कुणी चार, एका म्हाताऱ्यानं आता होत नाही म्हणून एकच सांगितला आणि त्याबद्दल दोनदा माफी मागितली. बेरीज करून घरटी सरासरी काढली, ती आठ दिवसांच्या आसपास आली. मजुरीच्या हिशेबानं माझ्या जुन्या आकड्याचा एक दिवससुद्धा होत नव्हता.

मी खूश होते. सुमनताई नव्हत्या.

“हे इथलं झालं,” त्या म्हणाल्या. “उद्या तुम्ही हेच आठ उचलून तिसऱ्या माळाला लावाल. ते बरोबर येईल कशावरून?”

बारीक आवाजात विचारलेला हा प्रश्न माझ्या सगळ्या धंद्याच्या मुळावर होता. मी विचार केला आणि म्हटलं, करून बघू. बावड्याच्या बाजूला असाच एक माळ होता, यादीत तोही तळाला होता. तिथे जायच्या आधी मी अंदाज लिहून ठेवणार, मग जाऊन विचारणार.

बावड्याला सुमनताईंचे एक जुने विद्यार्थी होते, रशीद मुलाणी, त्यांची पिठाची गिरणी. त्यांना फोन करून तीनच गोष्टी विचारल्या: किती घरांत मेंढरं आहेत, माळाच्या उतारावर किती विहिरी आहेत, आणि वस्ती माळापासून किती लांब आहे. मग तीन चिठ्ठ्या लिहिल्या. पहिलीत कोकणातून आणलेला आकडा, एक दिवसाच्याही आत. दुसरीत वाडीचा आकडा जसाच्या तसा, आठ. तिसरीत या तीन गोष्टी धरून वाडीच्या उत्तरांवरून मांडलेला नवा हिशेब: तिथे मेंढरं कमी, वस्ती लांब, म्हणून पाच. सुमनताईंनी चिठ्ठ्या पाकिटात घातल्या, कणकेची खळ करून पाकीट चिकटवलं आणि जोडावर स्वतःची सही केली. पाकीट त्यांच्या शबनममध्ये गेलं. मला ते हात लावायला मिळालं नाही.

बावडा

बावडा मोठं गाव, बाजाराचं. रशीदभाईंची गिरणी रस्त्यालाच होती आणि गावातलं प्रत्येक घर आठवड्यातून एकदा तरी तिथे दळण घेऊन येत होतं. रशीदभाईंनी माझ्यासाठी पोत्यांवर सतरंजी टाकून जागा करून दिली. पट्ट्याचा आवाज एवढा होता की प्रश्न ओरडून विचारावा लागे आणि उत्तरही ओरडून येई. संध्याकाळपर्यंत माझे केस, भुवया, वही सगळं पांढरं झालं होतं.

दुपारी रशीदभाईंच्या घरून डबा आला, काळ्या मसाल्यातलं मटण आणि ज्वारीची भाकरी. आमच्याकडचं मटण खोबऱ्याच्या वाटणात बुडालेलं असतं. हे पातळ, झणझणीत, नाकातून पाणी काढणारं. त्यांच्या आईंनी निरोप पाठवला होता की पाहुण्या कोकणातल्या असल्यानं तिखट कमी घातलंय.

जे दळायला आले नाहीत, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी आम्ही रशीदभाईंच्या टेम्पोतून गेलो. सायंकाळी गिरणी बंद केल्यावर बेरीज करायला बसलो. तोवर ही पाकिटाची गोष्ट गावात पसरली होती आणि वीस-पंचवीस माणसं गिरणीत येऊन उभी होती. बेरीज सुमनताईंनी केली, रशीदभाईंनी त्यांच्या दळणाच्या कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिली. घरटी पावणेपाच दिवस.

मग पाकीट फोडलं. पहिली चिठ्ठी वाचली तेव्हा लोक नुसते हसले. दुसरी, आठ, तेव्हा कुणी तरी म्हणालं की एवढी मेंढरं हितं कुठं हायत. तिसरी सुमनताईंनी उघडली, चष्मा नीट केला आणि मला न दाखवता आधी स्वतः वाचली.

“पाच,” त्या म्हणाल्या.

माझ्या आयुष्यात मला पदव्या मिळाल्या आहेत, एकदा व्यासपीठावर शालही मिळाली आहे. त्या गिरणीत, पिठानं माखून, पोत्यावर बसून मला जो आनंद झाला, त्याच्या जवळपास त्यातलं काही जात नाही. न पाहिलेल्या जागेबद्दल मी काही तरी लिहिलं होतं आणि ते खरं निघालं होतं. रशीदभाईंनी सगळ्यांना चहा सांगितला. सुमनताईंनी माझ्या वहीत, समासात, लाल पेननं बरोबरची खूण केली.

ग्रामसभा

सभेच्या सकाळी माझ्या कचेरीतून फोन आला. आपलाच अहवाल चुकीचा आहे असं चारचौघांत म्हणू नका, पुरवणी जोडू, असं वरिष्ठांचं म्हणणं होतं. बाकीच्या अहवालांवरही लोक बोट ठेवतील. त्यांची भीती खोटी नव्हती. मी फोन ठेवला आणि वही घेऊन सुमनताईंबरोबर सभेला निघाले.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. रोपांचा टेम्पो बाहेर येऊन उभा होता. योजनेचे अधिकारी तरुण होते, सरळ होते. त्यांनी माझा अहवाल वर धरला, शेवटचं वाक्य वाचून दाखवलं आणि मला विचारलं की हे तुमचंच ना.

मी उठून उभी राहिले. “माझंच आहे,” मी म्हटलं. “आणि ते चूक आहे. मी हा माळ न बघता लिहिलं.”

मग मी सगळं सांगितलं. कोकणातला आकडा, पहिल्या दिवसाची शून्यं, विहिरी, घाट उतरून जाणारी मेंढरं, माझ्या वडिलांचं शेत, तीन चिठ्ठ्या. सुमनताईंनी फोडलेलं पाकीट सहीसकट टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तो चांगला होता: लोक दिवस सांगतात, पण ते खरंच देतील कशावरून?

तेव्हा मागे बसलेले धोंडीबातात्या उठले.

“सायेब, उद्या सकाळी या,” ते म्हणाले. “फावडी घेऊन आमी हाय. खड्डं बुजवू. मोजा मंग कोण आलं, कोण न्हाय.”

हात वर झाले, वाडीचे आणि खालच्या विहिरीवाल्यांचेही. अधिकाऱ्यांनी वर बोलून पाहिलं आणि तासाभरानं सांगितलं की रोपं कालव्याच्या कडेला आणि शाळांकडे जातील, माळ आहे तसा राहील.

शेवटची सकाळ

दुसऱ्या दिवशी आम्ही माळावर पोचलो तेव्हा उजाडून थोडाच वेळ झाला होता, आणि माणसं आमच्या आधी आली होती. ज्यांनी चार दिवस सांगितले होते ते, ज्यांनी दहा सांगितले होते ते. एकच दिवस सांगून माफी मागणारा म्हातारा काठी टेकत आला होता आणि पाणी वाटत होता. बावड्याहून रशीदभाई टेम्पोत आठ जणांना घालून आले होते, त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. अधिकारी आले, थोडा वेळ वहीत नावं टिपत उभे राहिले, मग त्यांनी वही सुमनताईंकडे दिली, बूट काढले आणि एक फावडं उचललं.

मीही खड्डे बुजवले. माझ्या हाताला फोड आले. बायकांनी बाजरीच्या भाकऱ्या, चटणी आणि कांदा तिथेच आणला. दुपार व्हायच्या आत शेवटचा खड्डा भरला, पण माती भुसभुशीतच होती, पाऊल रुतत होतं. एक सर आली असती तर सगळं वाहून उतारानं विहिरींत गेलं असतं.

तात्यांनी तोंडात दोन बोटं घालून शीळ मारली. पलीकडच्या अंगानं मेंढरं निघाली, त्यांचीच नव्हेत, वाडीतली सगळी. ती ओळींवरून गेली, वळली, पुन्हा गेली. खुरांखाली माती दबत होती. तिसऱ्या फेरीला मी मध्ये जाऊन उभी राहिले, मेंढरं दोन्ही बाजूंनी वाहत गेली, आणि ती पुढे गेल्यावर मी पायाखाली बघितलं. खड्डा नक्की कुठं होता, ते मला सांगता आलं नाही.